घानाला निघालेल्यांचे हुसेनभाई

मस्कतमध्ये कुणाला कामानिमित्त घानाला जायचं असेल तर आधी व्हिसा आणि मग हुसेनभाई, असा आमच्या दार्सैत भागात क्रम होता. काहीजण तर व्हिसाच्याही आधी त्यांच्याकडे जायचे. हुसेन परकार, मूळचे खेडजवळचे, साठी ओलांडलेले, रुवीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात स्टोअरकीपर. बायको साबेरा गावी, आणि हे आमच्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर तिघांबरोबर एका खोलीत. तरुणपणी अकरा वर्षं त्यांनी घानात, कुमासीला एका कापडाच्या दुकानात काढली होती. त्या अकरा वर्षांच्या जोरावर तुम्ही पुढची तीस वर्षं जगताय, असं मी त्यांना चिडवायचो आणि ते चक्क खूश व्हायचे. चिडले असते तर मला जास्त मजा आली असती.

मला फुकटचे सल्ले देणाऱ्यांचा तिटकारा आहे. मी पाइपच्या कंपनीत क्वालिटी तपासतो. नापास करणं हा माझा धंदा. पण हुसेनभाईंना नापास करता यायचं नाही. एक तर ते कुणाकडून चहासुद्धा घ्यायचे नाहीत, उलट स्वतः कडक करक चहा पाजायचे. आणि दुसरं, ते नुसतं सांगत नसत, करून घेत. समोरच्यापुढे पाण्याची बाटली धरायचे. त्याने डावा हात पुढे केला की बाटली मागे. "डावा खिशात ठेव. तिथे डाव्या हाताने दिलंस की समोरच्याचं तोंड फिरलं." मग उठवून दाराबाहेर पाठवायचे आणि आत येऊन रस्ता विचारायला लावायचे. गडी थेट विचारायला लागला की पुन्हा बाहेर. "आधी सलाम-दुवा, बरंय का, घरचे कसे आहेत. मग काम. चार माणसं बसलेली असली तर उजवीकडून सुरुवात, एकालाही सोडायचं नाही." मोठमोठे इंजिनिअर त्या खोलीत शाळकरी पोरांसारखे आत-बाहेर करताना मी पाहिले आहेत.

बाकी यादी आम्हा सगळ्यांना पाठ झाली होती. पिवळ्या तापाची लस निघायच्या निदान दहा दिवस आधी, आणि तिचं पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेवायचं, बॅगेत नाही. टॅक्सीत बसायच्या आधी भाडं ठरवायचं. लष्करी छापाचे कपडे नेऊ नका, तिथे ते पोलिसांचं प्रकरण होतं. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो नाही. शाकाहारी असाल तर नुसतं शाकाहारी म्हणून भागत नाही, मासा नको हे वेगळं सांगा. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचा शर्ट.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र ते मागे ठेवायचे. माणूस निघायच्या दिवशी स्वतः त्याच्या घरी जायचे आणि अगदी चपला घालताना ती सांगायचे. "आधी सांगितलेलं माणूस घरी विसरतो," असं त्यांचं म्हणणं. "दारात सांगितलेलं विमानात घेऊन जातो." ती गोष्ट काय, हे मला कधी कळलं नव्हतं, कारण मी कधी घानाला निघालो नव्हतो.

निघाला तो आमचा अंबरीश. सव्वीस वर्षांचा, पंपांच्या कंपनीत, एकुलता एक. अक्राजवळच्या एका प्रकल्पावर तीन आठवडे. महिनाभर आधी तो हुसेनभाईंकडे जाऊन रीतसर आत-बाहेर करून आला. घरी येऊन मला म्हणाला, "बाबा, चाचा इज अ रिअल कॅरेक्टर हां. पण बरोबर सांगतात." लस घेतली, हिवतापाच्या रोजच्या गोळ्या आणल्या. आता निघणार तर तापाची भीती वाटायला हवी होती की नको? मला वाटली नाही. यादीतलं सगळं झालं होतं.

अदिस अबाबामार्गे दुपारचं विमान होतं. किशोरीने, म्हणजे माझ्या बायकोने, अंबरीशच्या हातावर दही-साखर ठेवली. बॅगा दारात. तेवढ्यात हुसेनभाई दुकानातून तासाभराची सुट्टी काढून आले, इस्त्रीचा शर्ट घालून. अंबरीश बुटाची नाडी बांधत होता. हुसेनभाई त्याच्याजवळ वाकले.

"आता शेवटचं ऐक, बाळा. परत आल्यावर तब्येतीला जर काही..."

"हुसेनभाई," किशोरी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण हात जोडलेले होते. "पोरगं उंबऱ्यात आहे. आत्ता आजारपणाचं नाव नको, प्लीज."

माझी आई हेच म्हणाली असती, हुसेनभाईंची आईही. निघणाऱ्याला 'जातो' म्हणू द्यायचं नाही, मागून हाक मारायची नाही आणि दुखण्याखुपण्याचा शब्द काढायचा नाही, हे आम्ही पुण्याहून इथे आलो तेव्हा मसाल्यांबरोबर घेऊनच आलो. हुसेनभाईंनाही ते परकं नव्हतं. ते लगेच सरळ झाले, "बरोबर आहे वहिनी, माफ करा," म्हणाले आणि अंबरीशच्या डोक्यावर हात ठेवला. मी तिथेच उभा होतो. मला वाटलं असतं तर म्हणू शकलो असतो, सांगा हो, कसला अपशकुन! एरवी मीच सगळ्यांच्या शकुनांची टिंगल करतो. त्या दिवशी गप्प बसलो, कारण मलाही ऐकायचं नव्हतं.

अंबरीश तीन आठवड्यांनी टुणटुणीत परत आला, थोडा काळवंडलेला, माझ्यासाठी एक भडक शर्ट घेऊन. चार-पाच दिवसांनी मला ऑफिसात हुसेनभाईंचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होतो.

"साहेब, अंबरीश बरा आहे ना?"

"मस्त आहे. कामावरही गेला."

"आणि गोळ्या? गोळ्या घेतो ना..."

"हो हो, सगळ्या घेतल्या. हुसेनभाई, मी जरा मीटिंगमध्ये आहे हं." आणि मी फोन ठेवला.

मी खोटं बोललो नव्हतो. त्याने तीन आठवडे एकही गोळी चुकवली नव्हती. परत आल्यावर विमानतळावरच उरलेली पाकिटं कचऱ्यात टाकली, असं त्यानेच हसत सांगितलं होतं. त्या गोळ्यांनी त्याचं पोट बिघडायचं. त्या परतल्यावरही पुढे चार आठवडे घ्यायच्या असतात, हे मला ठाऊक नव्हतं. पाकिटावर छापलेलं असणार. छापलेलं कोण वाचतो? हुसेनभाईंना वाटलं, बाप म्हणतोय म्हणजे चालू असतील.

परतल्यापासून सोळाव्या दिवशी ताप आला. मे महिना होता, बाहेर भट्टी आणि आत एसी, त्यामुळे किशोरी म्हणाली हवा बाधली. जवळच्या क्लिनिकमध्ये नेलं. व्हायरल आहे म्हणाले. घानाचं त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, त्याने खिचडी खाल्ली, मॅच पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो मला ओळखेना.

सरकारी हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, गेल्या दोन महिन्यांत कुठे गेला होता? मी घाना म्हटलं आणि त्यांची पावलं भरभर पडायला लागली. तासाभरात रक्ताचा रिपोर्ट आला. मलेरिया, मेंदूपर्यंत पोचलेला. तोवर कुणीतरी सांगितलं म्हणून हुसेनभाई दुकानातून धावत आले होते, हाताला ग्रीस तसंच. ते आमच्या बाकावर बसले नाहीत, भिंतीशी उभे राहिले.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. परत आल्यावर गोळ्या का थांबवल्या, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. ताप आल्या दिवशीच रक्त तपासायला हवं होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का?

मला तेव्हा दार दिसलं. नाडी बांधणारा मुलगा, वाकलेले हुसेनभाई, जोडलेले हात. मग फोन. मी किशोरीकडे पाहिलं. तिलाही दिसलं असावं. एवढ्यात हुसेनभाई भिंत सोडून पुढे आले.

"डॉक्टर, मी सांगतो सगळ्यांना," ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले. "यांना सांगायचं विसरलो. माय मिस्टेक."

मी काय केलं? काही नाही. किशोरी वळून त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "विसरलात? माझ्या मुलाचंच विसरलात?" बुडणाऱ्याने हाताला लागेल ते धरावं तसे तिने ते शब्द धरले आणि अजून सोडलेले नाहीत.

हॉस्पिटलमधल्या चौथ्या दिवशी दुपारी अंबरीश गेला. त्याच्याबद्दल मी लिहू शकत नाही.

महिन्याभराने मी पहिल्या मजल्यावर गेलो. म्हटलं, हुसेनभाई, मी किशोरीला खरं सांगणार. सगळ्यांनाच सांगणार. बिल्डिंगमध्ये, मंडळात, देवळाच्या रांगेतसुद्धा लोक म्हणतात, त्या परकारमुळे पोरगं गेलं.

"काय सांगणार साहेब? की आईने तोंड बंद केलं? बापाने फोन ठेवला?" ते रागावले नव्हते, म्हणून जास्त लागलं. "वहिनींना कुणावर तरी रागवावं लागणार. माझ्यावर रागवू दे. स्वतःवर रागवल्या तर जगतील का? खलास. हा विषय नका काढू."

मी विषय काढला नाही. किशोरीला ते दार आठवतं की नाही, विचारायची माझी छाती नाही. खरं सांगितलं तर ती जाते, नाही सांगितलं तर हुसेनभाई रोज थोडे थोडे जातात. क्वालिटीवाला माणूस मी, आणि मला नापास कुणाला करायचं ते ठरवता येत नाही. त्यांच्याकडे आता कुणी जात नाही. येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या दोन्ही खुर्च्या त्यांनी खोलीतल्या पोरांना देऊन टाकल्या.

गेल्या महिन्यात मस्कतच्याच सीब भागातून माझ्या एका मित्राची मुलगी आली. सई नाव, सर्वेची नोकरी, दोन महिन्यांसाठी कुमासीला निघालेली. भेटायला म्हणून आली आणि चहा पिता पिता तिने विचारलं, "काका, इथे ते एक अंकल आहेत ना, घानाचं सगळं सांगतात ते? त्यांना विचारू का?"

किशोरीने कप खाली ठेवला. "त्यांना नको. विसरतात ते," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी मान डोलावली.

सईला सोडायला मी खाली गेलो. पार्किंगमध्ये, तिने गाडीचं दार उघडल्यावर, सगळं सांगितलं. परतल्यावरही गोळ्या बंद करायच्या नाहीत, पूर्ण चार आठवडे. पुढचे तीन महिने साधी कणकण आली तरी त्याच दिवशी रक्त तपासायचं आणि डॉक्टरने विचारलं नाही तरी आपण घाना म्हणायचं. तिने फोनवर नीट लिहून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं.

"थँक्स काका. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. तुम्हाला कोणी सांगितलं?"

पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत दिवा होता. मी म्हटलं, डॉक्टरांनी.