आर्डिथ ट्रेलर मागे घेते

आमच्या कॅम्पग्राउंडवर कामांना रंग आहेत. गाडीला ट्रेलर, म्हणजे मागे ओढायचं आमचं घर, अडकवणं, मैल्याचा पाइप जोडणं, ट्रेलर मागे घेऊन जागेवर लावणं ही निळी कामं, म्हणजे नवऱ्यांची. स्वयंपाक, धुणं, आवराआवर ही गुलाबी. कुणी ठरवलं ते विचारू नका. निवृत्त झाल्यावर घरदार विकून अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात चाकांवर राहायला आलो आम्ही सगळे, पण हे रंग काही मागे टाकून आलो नाही.

म्हणून त्या सकाळी शेजारचा हार्लन लुंडक्विस्ट तव्यावर पॅनकेक उलटतोय आणि त्याची बायको आर्डिथ हातमोजे चढवून मैल्याच्या पाइपाशी झटतेय, हे पाहून माझी कॉफी तशीच राहिली.

"डेलबर्ट, बाहेर ये!" मी नवऱ्याला हाक मारली. "लुंडक्विस्टांकडे जग उलटं झालंय."

"पैज हरला असेल तो. तुला गं काय करायचंय?"

मला नेहमीच काहीतरी करायचं असतं. भोचक म्हणा, मला राग येत नाही. माणसाने निवडुंगांकडे तरी किती बघत बसायचं!

मग आमच्या जागा बदलायचा दिवस आला. एका जागी दोनच आठवडे राहायचं, मग बिऱ्हाड हलवायचं, असा इथला नियम. कुणी ट्रेलर मागे घ्यायला लागलं की बाकीचे खुर्च्या काढून बसतात आणि आपण पाहतच नाही असं दाखवतात. त्या दिवशी पिकअपच्या स्टिअरिंगवर आर्डिथ होती. सत्तरीची, जेमतेम खिडकीतून दिसणारी. आणि मागे उभा राहून खुणा करायला हार्लन.

खरं तर तिला कसली चिंता? खुणा कराव्यात तर हार्लनने. नवख्या माणसांना तो हाताच्या दोन इशाऱ्यांत जागेवर बसवतो. पण आर्डिथचा ट्रेलर पहिल्यांदा पाण्याच्या नळाकडे गेला, दुसऱ्यांदा झाडाकडे, तिसऱ्यांदा पुन्हा झाडाकडे. शेवटी हार्लन म्हणाला, "सरक, मी लावतो," आणि त्याने लावला. दम लागून तो बराच वेळ दाराशी टेकून उभा होता.

माझी नजर मात्र त्याच्या हातावर होती. ट्रेलर झाडाकडे चालला होता, आणि हा पठ्ठ्या अजून झाडाकडेच ये म्हणत होता.

मला चैन पडेना. केळ्याचा केक केला आणि आर्डिथकडे गेले.

"आजारी कोण आहे?" मी सरळच विचारलं.

"तू म्हणजे ना!" ती हसली, मग हसू ओसरलं. "त्याचं हृदय. डॉक्टरांनी हात टेकलेत. लोरीनचं आठवतं ना? नवरा गेला आणि आठवड्यात मुलाने ट्रेलर विकून तिला ओहायोला नेलं. का, तर तिला ट्रेलर हलवता येत नव्हता. मला नाही जायचं गं मुलीच्या तळघरात. मला इथेच राहायचंय."

"मग तो उलट्या खुणा का करतोय?"

आर्डिथ केकचे तुकडे करायला लागली. मला वाटलं, माझी जीभ कापून टाकावी. पण तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

पुढच्या वेळी आम्ही पुन्हा खुर्च्या काढल्या. डेलबर्टसुद्धा आला, पैजेची गोष्ट विसरून. हार्लन मागे जाऊन उभा राहिला, हात वर केला. आर्डिथने खिडकीतून डोकं काढलं.

"हार्लन, तू आपल्या बाकावर जाऊन बस."

"अगं, मागे कोण बघणार?"

"मी. बस म्हटलं ना."

तो बसला. रागावलेल्या पोरासारखा पाठ फिरवून.

ती खाली उतरली, मागे जाऊन बघून आली, पुन्हा चढली. थोडं मागे घेतलं, पुन्हा उतरली. ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे वळवायचं, हे ती स्वतःशी मोठ्याने म्हणत होती. किती वेळा उतरली ते मी मोजलं नाही. माझेच गुडघे दुखायला लागले. शेवटी इंजिन बंद झालं आणि ट्रेलर जागेवर सरळ उभा होता.

टाळ्या वाजल्या तेव्हा हार्लनने मान वळवून ट्रेलरकडे पाहिलं. डोळे पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"जमलं की तुला," तो म्हणाला. "मला वाटायचं, जोवर तुला जमत नाही तोवर मला जाता यायचं नाही."

आर्डिथ त्याच्या शेजारी बसली, हातमोजा न काढताच त्याचा हात धरला.

"मी फक्त शिकलेय, हार्लन," ती म्हणाली. "तुला जा म्हटलेलं नाही."