अहिल्याकाकूंचं डोंगरी झाड

परदेशातल्या ट्रॉय गावच्या अहिल्याकाकूंच्या डोक्याला दोन ताप होते. एक, मराठी मंडळाचे अध्यक्ष मनोहरकाका, म्हणजे त्यांचा नवरा. आणि दुसरा, परसातलं फरचं, म्हणजे नाताळात सजवतात ते सूचिपर्णी झाड. काकांचं आता काही करता येण्यासारखं नव्हतं. झाड मात्र काकूंनी आपल्या हाताने ओढवून घेतलं होतं.

त्याचं असं झालं, मुलगी वल्लरी सहावीत असताना "एव्हरीबडी हॅज अ ट्री!" म्हणून हटून बसली. काकूंना नाताळाचं वावडं नव्हतं. पण चार दिवस दिवे लावायचे आणि मग चांगलं झाड कचऱ्यात? ते काही त्यांना पटेना. म्हणून त्यांनी मुळांसकट, गोणपाटात बांधलेलं फ्रेझर फर आणलं आणि नाताळानंतर परसात लावलं. उन्हाळ्यात ते मेलं. पुढच्या वर्षी दुसरं आणलं, तेही मेलं. मग नर्सरीवाला म्हणाला, हे झाड मूळचं दक्षिणेकडच्या उंच डोंगरमाथ्यांवरचं. त्याला गारवा हवा, धुकं हवं, आणि मुळांशी पाणी साचलेलं मुळीच खपत नाही. इथली माती तर चिकट. "मग इथे विकता कशाला?" असं काकूंनी त्याला तोंडावर विचारलं.

तिसऱ्या खेपेला त्यांनी मातीचा उंचवटा केला, खडी घातली, हरणांनी खाऊ नये म्हणून भोवती जाळी ठोकली. कंबर मोडली, पण झाड जगलं. दरम्यान मुलगी मोठी झाली आणि मुकी झाली. कॉलेजला गेल्यावर ती रविवारी फोन करायची. जेवलीस का? "येस." अभ्यास? "फाइन." मग तिच्याकडून एकच प्रश्न यायचा, "हाउ इज माय ट्री?" की काकू सुटल्याच! नवे कोंब, सुयांची खालची चंदेरी बाजू, चुरगळल्यावर येणारा वास. बोलता बोलता स्वयंपाक करपायचा. झाड गेलं तर पोरीशी बोलायचं काय, ही त्यांना खरी धास्ती होती.

२००८च्या मार्चमध्ये मंडळाने एका सभासदाच्या शेतावर होळी ठरवली. काका गुहागरचे. होळीत मधोमध उभं झाड नसेल तर त्यांच्या लेखी ती होळीच नव्हे. संग्राम आणि शार्दूल ही आयटीतली दोन पोरं, दोघंही कोकणातली. काकांनी त्यांना कामाला लावलं आणि वर शिकवलं, "होळीचं झाड मागून नाही आणायचं, चोरून आणायचं!" पोरांनी डोकं चालवलं. कुणा गोऱ्याच्या आवारात शिरलो तर पोलीस येतील, व्हिसा जाईल. त्यापेक्षा अध्यक्षांचंच तोडू, काका खूश होतील.

शनिवारी दुपारी काकू मंडळासाठी पुरणपोळ्या लाटत होत्या. "होळी रे होळी!" म्हणत पोरं खांद्यावर झाड नाचवत दाराशी आली. "काकू, ओवाळा ना!"

काकूंनी झाड ओळखलं. लाटणं त्यांच्या हातातच राहिलं.

"अरे गाढवांनो! हे काय केलंत?"

"सॉरी काकू. आम्हाला वाटलं, काकांचंच आहे..."

काका मागून आले आणि पाहून चपापले. तरी म्हणालेच, "अगं, होळीला दिलेलं झाड पुण्याचं असतं."

"ते पुण्य तुम्हालाच लखलाभ. उद्या पोरीचा फोन तुम्ही घ्या!" काकूंनी गॅस बंद केला. होळीला त्या गेल्याच नाहीत.

रविवारी फोन वाजला तेव्हा काका गॅरेजमध्ये काहीतरी शोधत होते. झक मारत काकूंनीच घेतला.

"हाउ इज माय ट्री?"

"तोडलं. तुझ्या बाबांच्या भुतावळीने जाळलं होळीत."

आता पोरीशी बोलणंच संपलं, काकूंच्या मनात आलं.

"आई, आर यू ओके?"

"मला काय धाड भरलीय? झाड तुझं होतं."

"आई, आय डोन्ट इव्हन केअर अबाउट ट्रीज. तेवढंच विचारलं की तू नीट बोलायचीस. अदरवाइज यू जस्ट चेक ऑन मी, जेवलीस का, अभ्यास केलास का."

संतापाने काकूंना रडूच फुटलं.

"कार्टे, हे आधी सांगायला काय झालं होतं? इतकी वर्षं मी त्या चिखलात मरतेय!"

आणि नाक पुसत, पोरीने काही विचारायची वाट न बघता, त्या तिच्या बापाच्या तक्रारी सांगायला लागल्या.