एकशे त्रेसष्टाव्या पायरीवरची पाटी

इस्मेनिया बारासा शाळेच्या मुलांचे ॲप्रन शिवायची. चाळीस वर्षं मशीनसमोर बसून तिचे पाय सुजले होते, साखर वाढली होती, आणि दहा पायऱ्या चढल्या की तिला भिंत धरावी लागे. चिलीच्या किनाऱ्यावरच्या, टेकड्यांवर चढत गेलेल्या वाल्पाराइसोत दहा पायऱ्यांनी कुणाचंच भागत नाही. ती धाकट्या बहिणीबरोबर, नोल्फाबरोबर, खाली बंदराजवळ राहायची. मी टेकडीवर, त्याच जिन्याच्या वरच्या टोकाला. जिन्याच्या एकशे त्रेसष्टाव्या पायरीशी निळी पाटी आहे. तिच्यावर लाट, पळणारा माणूस, आणि खाली लिहिलेलं : इथून वर सुरक्षित.

मोठ्या भूकंपानंतर नगरपालिकेने त्सुनामीचा सराव घेतला. भोंगा वाजल्यापासून पंधरा मिनिटांत पाटी गाठायची. मासळीबाजारात राबणाऱ्या काटक नोल्फाला सहा मिनिटं पुरली असती. पण ती बहिणीबरोबर पायरी-पायरीला थांबत राहिली, आणि दोघी एकतिसाव्या मिनिटाला पोचल्या. नगरपालिकेच्या वहीवाल्या बाईने दोघींच्या नावापुढे लिहिलं, ‘पोचल्या नाहीत.’

नोल्फा म्हणाली, “घ्या. दोघी मेलो. आता संध्याकाळचा चहा कोण करणार?”

इस्मेनिया हसली नाही. मी पाणी घेऊन खाली उतरले होते. ती मला हळूच म्हणाली, “मी बुडाले तर बुडाले, तेरेसिताबाई. पण ही मला सोडून जायची नाही. माझ्यापायी जाईल ती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती एकटीच जिन्याशी आली. मग रोज. पाटीला हात लावायचा, वळून समुद्राकडे बघायचं, आणि उतरायचं. वेळ मी डायरीत लिहायची, कारण तिनेच सांगितलं होतं, “तुम्ही नन्सच्या शाळेत शिकलेल्या. माझी कीव येऊन दोन मिनिटं कमी लिहिणार नाही तुम्ही.”

एप्रिलमध्ये सत्तावीस मिनिटं. जूनच्या पावसात बावीस. ऑगस्टमध्ये सतरा. पायांची सूज उतरली, डॉक्टरांनी साखरेची एक गोळी बंद केली. तिला स्वतःला मोठी वाटली ती झोप. आधी ती लाटांचा आवाज ऐकत पहाटेपर्यंत पडून असायची.

“पायऱ्या मोजताना भीतीला बसायला जागाच मिळत नाही,” ती म्हणाली. “घरी गेले की येते परत. मग उद्या परत चढायचं.”

नोल्फाचे टोमणे चालूच होते. “समुद्राला निरोप धाडते, आमच्या ताईला अजून दोन मिनिटं दे म्हणून.” पण इस्मेनियाने तिच्याकडून शपथ घेतली : खरा भोंगा वाजला तर कुणी कुणासाठी थांबायचं नाही.

“घेतली बाई शपथ. आता कालवण वाढ.”

नोव्हेंबरात ती तेरा मिनिटांवर आली होती. एका दुपारी जमीन हलली, माझ्या कपाटातल्या बशा खाली आल्या, आणि मग भोंगा सुरू झाला. मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. माणसं चढत होती. चौदाव्या मिनिटाला इस्मेनिया पाटीशी आली. तिने हात लावला, वळली, आणि उभी राहिली.

मागचे लोकही पाटीशी आले की थांबू लागले. कुणी दम खात होतं, कुणी फोन लावत होतं, कुणी समुद्र बघत होतं. आमचा जिना अरुंद. चार माणसं टेकली की वाट बंद. खालची सगळी रांग जागच्या जागी खिळली.

“इस्मेनिया, वर ये,” मी कडेकडेने तिच्याजवळ उतरून ओरडले.

“नोल्फा बाजारातून यायचीय. ती दिसू दे आधी.”

“ती खाली अडकली असेल. तुम्ही सगळे इथे उभे आहात म्हणूनच अडकलीय.”

तिने खाली पाहिलं. त्या गर्दीत नोल्फा कुठेच दिसत नव्हती. इस्मेनियाचे ओठ पांढरे पडले होते. मग ती शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला म्हणाली, “उठा आजोबा. दम वर जाऊन खा.” आणि तिने पाटी सोडली. वरच्या सत्तर पायऱ्या ती कधीच चढली नव्हती. ओठ हलत होते, मोजत होती. मागे वळून पाहिलं नाही तिने. म्हातारा उठला, त्याच्यामागचे उठले, आणि रांग हलली.

माझं अंगण माणसांनी भरलं. इस्मेनिया जिन्याकडे पाठ करून भिंतीशी बसली. “मी नाही बघणार. तुम्ही बघा.”

मी बघत राहिले. येणारा प्रत्येक चेहरा दुसऱ्याच कुणाचा तरी होता. किती वेळ गेला ते डायरीच्या त्या दिवशीच्या पानावर नाही, मी घड्याळ बघायचंच विसरले होते. मग रबरी बूट आणि खवल्यांनी माखलेला ॲप्रन घालून नोल्फा आली.

“मला टाकून वर आलीस?”

“आले,” इस्मेनिया भिंतीकडे बघतच म्हणाली.

“बरं केलंस. मी आधी घरी गेले होते. दाराशी उभी राहून तुला हाका मारत बसले.”

इस्मेनिया वळली. बहिणीच्या दंडावर तिने सणसणीत चापट मारली, आणि मग तोच दंड घट्ट धरला. समुद्र बंदराच्या धक्क्यावर गुडघाभर चढला आणि परतला. भोंगा थांबायला संध्याकाळ झाली. तोवर तिने तो दंड सोडला नव्हता.