शालूच्या शिबिराची बॅटरी

टॉर्च ही वस्तू अंधारासाठी असते आणि दुकानं उजेडात उघडी असतात, हीच तिच्यातली मूळ खोट आहे. इतर वस्तूंचं तसं नाही. चप्पल दुकानात पायात घालून बघता येते, आंबा हुंगता येतो, बैलाचे तर दातही मोजतात. टॉर्चचं काय बघणार? भर दुपारी बटण दाबलं की काचेत एक पिवळट ठिपका दिसतो. तो उजेड आहे की उन्हाची तिरीप, हे दुकानदार सांगेल तेच खरं!

हे ज्ञान मला झालं त्या वर्षी आमच्या एकोडीत वीज आली होती. (म्हणजे खांब आले होते. वीज मागून येणार होती, पण ती वाटेत कुठं तरी जेवायला थांबली होती.)

माझी मुलगी शालू तेव्हा पाचवीत होती. शाळेतल्या डोंगरे गुरुजींनी मुलांचं बालवीर पथक काढलं होतं आणि दिवाळीनंतर त्या पथकाचं शिबिर गावाबाहेरच्या आमराईत भरणार होतं. शिबिराचं मुख्य आकर्षण म्हणजे वाटशोधाचा खेळ. गुरुजींनी झाडांच्या बुंध्याशी, दगडांखाली चिठ्ठ्या लपवायच्या आणि दिवेलागणीनंतर मुलांच्या गटांनी टॉर्चच्या उजेडात त्या हुडकायच्या. गटाला एक टॉर्च. ती गटनायकानं आणायची. शालूला तिच्या गटानं एकमतानं नायिका निवडलं होतं, पण गुरुजींची अट होती की शनिवारी सकाळी टॉर्च दाखवली नाही, तर नायकपद बंडूकडे जाईल. बंडू हा पाटलांचा नातू. पाटलांच्या घरी म्हशीलासुद्धा वेगळी टॉर्च आहे, असं शालू रडकुंडीला येऊन सांगत होती.

टॉर्च कशी असावी हेही गुरुजींनी सांगून ठेवलं होतं. लहान मुठीत मावणारी, आपटली तरी जगणारी, आणि हरवली तर पालक भांडायला येणार नाहीत इतकी स्वस्त.

कुणीही शहाणा माणूस दुकानात जाऊन सर्वांत लहान टॉर्च घेऊन घरी आला असता. पण मी गावच्या सहकारी सोसायटीचा सेक्रेटरी होतो! खत कुठलं घ्यावं, बियाणं कुठलं, मुलगी कुठल्या घरी द्यावी, हे सगळं लोक मला विचारत आणि मी सांगतही असे. असा माणूस पारख केल्याशिवाय काडेपेटीही घेत नाही.

शुक्रवारी शालूला सायकलवर बसवून मी साकोलीचा बाजार गाठला. दुकानदारानं तीन टॉर्च समोर मांडल्या. एक लाल प्लास्टिकची, बोटभर. दुसरी पत्र्याची, दोन सेलची. तिसरी पाच सेलची लांबलचक, धानाची राखण करणारे शेतकरी घेतात ती. तिनं रानडुकराला उजेड दाखवता येतो आणि वेळ आली तर हाणताही येतं.

शालूनं लाल टॉर्च उचलली. ‘‘बाबा, हेच घ्या.’’

मी हसलो. वस्तू अशी घेत नसतात, हे तिला समजावून सांगितलं आणि पारख सुरू केली. पारखेला अंधार हवा. मी काउंटरखाली डोकं घातलं, तिथं उजेड. टॉर्च सदऱ्याच्या आत धरून गळ्यातून खाली बघितलं, तर स्वतःच्या पोटाशिवाय काही दिसेना. शेवटी शेजारच्या घोंगडीवाल्यानं दोरीवर टांगलेलं एक जाड काळं घोंगडं दिसलं. मी पाच सेलची टॉर्च घेऊन त्यात शिरलो.

आत काय लखलखाट! घोंगड्याचं भोकन् भोक दिसत होतं. मी बटण दाबत होतो, विझवत होतो, पुन्हा दाबत होतो. दरम्यान बाहेर गर्दी जमली होती. एका म्हातारीनं शालूला तुझ्या बाबाले काय झालं म्हणून विचारलं आणि शालूनं बॅटरी पाहून राहिले, इतकंच उत्तर दिलं. (टॉर्चला आमच्याकडे बॅटरीच म्हणतात.) त्या स्वरात जी लाज होती, ती मला घोंगड्याच्या आतही ऐकू आली.

डोकं बाहेर काढलं तर घोंगडीवाला समोर उभा. मला घोंगडं नको आहे असं मी म्हणताच तो दुखावला.

‘‘अजी साहेब, मुंडकं घालून पायलं, उजेड लावून भोकं तपासली, अन् आता नाही म्हनता? आता हे दुसरं कोन घेईन?’’

गर्दीचा कौल त्याच्या बाजूनं पडला. मी घोंगडं घेतलं. टॉर्चचा दुकानदार एव्हाना पार वैतागला होता. तिन्ही घेऊन जा, अंधारात पाहा, पसंत पडेल ती ठेवा आणि बाकीच्या उद्या वापस आणा, पण आता दुकानासमोरून हला, असं त्यानं हात जोडून सांगितलं.

घरी सुशीलेनं, म्हणजे शालूच्या आईनं, सायकलवरून उतरणारा माल शांतपणे पाहिला.

‘‘पोरीले एक बॅटरी आनाले गेले होते न? तीन बॅटऱ्या अन् घोंगडं? शिबिराले पोरगी जाऊन राहिली का तुमी?’’

मी बाजू मांडणार तेवढ्यात तिचा भाऊ गजानन मध्ये पडला. दिवाळीला आलेला गजानन अजून गेला नव्हता. कधी तरी महिनाभर तो रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसला होता, आणि तेव्हापासून ज्यात सेल बसतो त्या प्रत्येक वस्तूवर त्याचा अधिकार होता. घरात टॉर्च पारखणं म्हणजे विहिरीत पोहून नदीचा अंदाज घेणं, असं त्याचं मत पडलं. उजेडाला लांबी लागते. टॉर्च तळ्याच्या पाळीवरच, म्हणजे बांधावरच, पारखली पाहिजे!

दुर्दैवानं मला ते पटलं.

अंधार पडू लागताच मी, गजानन आणि शालू पाळीवर पोचलो. एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला खाली पिकलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, आणि पाळीच्या टोकाला बेशरमाची दाट झुडपं. गजाननाच्या पद्धतीप्रमाणे पलीकडच्या काठावरच्या म्हशीनं मान वळवली, तर टॉर्च पास. पाच सेलच्या टॉर्चला म्हैस ताडकन उठूनच बसली. पत्र्याची टॉर्च चापट मारल्याशिवाय पेटेना. लाल टॉर्चचा उजेड आमच्या पायांपुढं थोडासा जाऊन थांबला. गजानन खो खो हसला.

‘‘चिठ्ठी तं पायापाशीच राहते न, बाबा,’’ शालू म्हणाली. ‘‘म्हशीले कायले दाखवाचं?’’

तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. (मी तर नाहीच नाही.)

मग गजाननानं शेवटची परीक्षा सांगितली. पोरं टॉर्च घेऊन धावणार, उड्या मारणार, तेव्हा सेल ढिले होतात का हे पाहायला हवं. भाऊजींनी ती डोक्यावर धरून गरागरा फिरवावी.

मी फिरवली. उजेड हलला नाही! मला चेव चढला. दुसऱ्या हातात पत्र्याची घेतली आणि दोन्ही हातांनी दोन्ही टॉर्च फिरवू लागलो. पत्र्याच्या टॉर्चचं झाकण उडालं आणि तिचे सेल बांधीत जाऊन पडले, पण पाच सेलची अशी काही झळकत होती की आकाशात उजेडाचं रिंगण तयार झालं. मी जत्रेतल्या दांडपट्टेवाल्यासारखा पाळीवर नाचत होतो.

आणि तेव्हा गावाच्या बाजूनं डबा वाजला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. धान पिकलं की आमच्याकडे रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत वर्षाची मेहनत लोळवून जातात. एकट्यादुकट्याला ती आवरत नाहीत. म्हणून गावात ठराव झाला होता की कुणाला डुकरं दिसली, तर त्यानं पाळीवर चढून बॅटरी डोक्यावर गरगर फिरवायची. मग ज्याच्या हाती जे असेल ते घेऊन सगळ्या गावानं धावून यायचं. हा ठराव सोसायटीच्या सभेत मांडला कुणी होता? सेक्रेटरीनं. घसा बसेपर्यंत तो लोकांना समजावून कुणी सांगितला होता? सेक्रेटरीनंच!

आता सगळं गाव ठरावाची अंमलबजावणी करत येत होतं. डबे, थाळ्या, काठ्या, कुत्री, कंदील, टॉर्च. सगळ्यात पुढं लहानू राखणदार, हातात कुऱ्हाड.

‘‘कोठी आहेत जी डुकरं?’’

मी गजाननाकडे पाहिलं. गजानन चांदण्या पाहत होता. बाबा तं बॅटरी पाहून, असं शालूनं सुरू केलं आणि मी इतक्या जोरात खोकलो की लहानू दोन पावलं मागं सरला. काय सांगणार? जेवणाचं ताट सोडून आलेल्या माणसांना, कुऱ्हाडी घेतलेल्या माणसांना, मी म्हशीची मान वळते का पाहत होतो म्हणून? माझा हात आपोआप वर झाला आणि त्यानं बेशरमाच्या झुडपांकडे बोट दाखवलं. तिथं कुणाचं पीक नव्हतं, कुणाचं नुकसान नव्हतं. माझ्या मते तो अत्यंत जबाबदार खोटेपणा होता.

‘‘तिकडं घुसली,’’ मी म्हणालो.

गावानं झुडपांना वेढा घातला. डबे थांबले. आणि झुडूप हललं!

क्षणभर माझाही विश्वास बसला. आपण खोटं बोललो नाही, डुकरं खरंच आहेत, देव आहे! लहानूनं कुऱ्हाड उचलली, सगळ्यांनी झुडपावर उजेड टाकला, आणि आतून आवाज आला.

‘‘अरे बाप्पा, मारू नका! मी आहो, मी!’’

झुडपातून डोंगरे गुरुजी उभे राहिले. एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर.

तिन्हीसांजेला माणसं तळ्याकाठी कशाला जातात, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. फक्त ते असं उजेडात कधी कुणी पाहिलं नव्हतं. सगळ्यांच्या टॉर्च गुरुजींवर खिळल्या होत्या आणि सगळ्यांत प्रखर माझी. अंगठा बटणावर गोठला होता. पाच सेलचा उजेड किती स्वच्छ असतो म्हणून सांगू! गुरुजींच्या लोट्यावर कोरलेलं त्यांच्या सासऱ्याचं नाव मला पाळीवरून वाचता येत होतं.

पहिल्यांदा विझली ती लाल टॉर्च.

‘‘बाबा, विझवा न,’’ शालू म्हणाली. मग गर्दीकडे वळून, पंचांनी बोलावं तशी, ‘‘सारे विझवा. अन् तिकडं तोंड करा.’’

एकेक टॉर्च विझली. कंदीलवाल्यांनी कंदील पोटाशी धरले. मी घाईघाईनं बटण शोधू लागलो, तर टॉर्च हातातून सुटली, पाळीवरून गडगडत गेली आणि पेटलेलीच तळ्यात बुडाली. अंधारात गुरुजींची पावलं गावाकडे गेली. सगळे मान वळवून उभे होते, आणि तळ्याच्या पोटात एक हिरवट उजेड बराच वेळ तरंगत होता.

‘‘पान्यातबी चालते, भाऊजी,’’ गजानन पुटपुटला. बॅटरीविषयी त्या दिवसातलं त्याचं हे एकमेव खरं विधान.

शनिवारी सकाळी शालू जेवली नाही. गेलं आता नायकपण, एवढंच ती भिंतीला सांगत होती. तिनं गटातल्या पोरांना कोण पुढं राहील, कोण चिठ्ठी वाचेल, कोण घाबरलेल्याचा हात धरेल, सगळं वाटून दिलं होतं. सुशीला माझ्याशी बोलत नव्हती, ती भांड्यांशी बोलत होती, आणि भांडी मोठ्यानं उत्तरं देत होती. शेवटी शालूनं लाल टॉर्च दप्तरात टाकली आणि निघाली. मीही मागं मागं गेलो. वर्गात जायची हिंमत नव्हती, म्हणून खिडकीबाहेर उभा राहिलो.

गुरुजी नेहमीसारखेच होते, फक्त कुणाकडे बघत नव्हते. टेबलावर बंडूची टॉर्च होती. चकचकीत, तीन सेलची, तिच्यात बंडूचं तोंड दिसत होतं. शेजारी शालूची लाल, बोटभर. गुरुजींनी ती उचलली, पेटवली. टेबलाच्या कडेपर्यंत उजेड पडला. त्यांनी ती विझवली आणि खाली ठेवली.

‘‘शालूच्या गटाची नायिका शालूच राहील.’’

बंडू उभा राहिला. ‘‘पन गुरुजी, माह्या बॅटरीचा उजेड जास्त आहे.’’

‘‘म्हणूनच,’’ गुरुजी म्हणाले.

शालूनं दोन्ही हातांनी टॉर्च उचलून छातीशी धरली. मी खिडकीतून आनंदानं हात हलवला, ही चूक झाली. गुरुजींनी मला पाहिलं, शांतपणे उठून आले आणि खिडकीच्या दोन्ही फळ्या लावून घेतल्या.

शिबिर उत्तम झालं, असं ऐकलं. (पालकांना बोलावलं नव्हतं. म्हणजे बाकीच्यांना बोलावलं होतं.) शालूच्या गटानं सगळ्या चिठ्ठ्या शोधल्या. गजानन आपल्या गावी गेला. आणि माझा सल्ला विचारायला लोक हळूहळू पुन्हा येऊ लागले, खताचा, बियाण्याचा.

मात्र एक गोष्ट जी बदलली ती बदललीच. संध्याकाळ झाली की लोटा घेऊन तळ्याकडे निघालेला माणूस आधी आमच्या दारावरून येतो, अंगणात थांबतो आणि आत डोकावून अदबीनं विचारतो, ‘‘सेक्रेटरीसाहेब घरीच आहेत न जी?’’

मी काही बोलायच्या आत चुलीपुढून सुशीला ओरडते, ‘‘आहेत, आहेत. जा तुमी बिनधास्त!’’