दाऊदभाईंच्या कपाटातला बल्ब

शी! हा एवढासा शब्द कसा उच्चारावा, ते दाऊद मुजावरांकडून शिकावं. आमच्या मालवणात मासळी कुजली की लोक नाक मुरडतात, दाऊदभाई आवाज कुजला की मुरडायचे. कोणी कौतुकाने मोबाईलवर गाणं लावून पुढ्यात धरलं की शिळ्या बांगड्याचं कालवण वाढल्यासारखा चेहरा करायचे. "बंद कर ता मेल्या! ह्यां गाणां न्हय, डब्यात कोंडलेलो डास आसा."

आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी सावित्री, प्राथमिक शाळेत सातवीपर्यंत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. दाऊदभाई बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरवर होते. चौतीस वर्षं तो राक्षस दिवसभर धडधडत असायचा आणि हा माणूस कानात कापसाचे बोळे कोंबून त्याच्यासमोर उभा. बाकीचे कामगार हसायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बाई, कान संध्याकाळसाठी राखून ठेवतंय."

संध्याकाळ म्हणजे त्यांची पूजाच म्हणा ना. आंघोळ करायची, धुतलेला सदरा घालायचा, पंखा बंद करायचा, कारण पंख्याचाही आवाज होतो. बुशराभाभी होत्या तोवर त्या बिचारीला कढईत झारा आपटायची चोरी. सावंतवाडीच्या खेळणी करणाऱ्या सुताराकडून फणसाच्या लाकडाच्या दोन पेट्या करून घेतल्या होत्या, त्यांत स्पीकर बसवलेले. त्यांतून काय वाजेल याचा नेम नाही. कव्वाली संपली की गोव्याचा मांडो, मग अमेरिकेतला सॅक्सोफोन, मग नाट्यपद, मग शे-दीडशे गोऱ्यांचा वाद्यवृंद. कुठल्या जातीचं, कुठल्या देशाचं, काही सोयरसुतक नाही. त्यांचा प्रश्न एकच असे, "वाजवणारो खोलयेत इलो काय?" खोलीत येऊन समोर बसल्यासारखा वाटला तर डोळे मिटायचे. नाहीतर शी!

खरं सांगते, मला या सोवळेपणाचा वैताग यायचा. माणसाने इतकं कसं नाजूक असावं? चतुर्थीला गल्लीत स्पीकरचे मोठाले बॉक्स लागले की हे दारं-खिडक्यांना चादरी लावून आत बसायचे. पर्यटकांच्या बोटीवर धांगडधिंगा सुरू झाला की किनाऱ्यावर जाऊन हातवारे करत भांडायचे. एकदा माझ्या भाचीच्या लग्नात सनईची टेप लावली होती, तर अक्षता टाकायच्या आधीच उठून गेले. वर मलाच सांगतात, टेप ओढत होती म्हणून!

आणि त्यांच्या सगळ्या वैतागाच्या गाभ्यात, म्हणजे बघा, मी होते. माझा खोकला होता.

एकोणनव्वद साली वालावलच्या सप्त्यात दत्ताराम बुवांचं भजन होतं. सकाळची वेळ. दाऊदभाई मेव्हण्याचा कुवेतहून आलेला रेकॉर्डर घेऊन पहाटेच जाऊन बसले. मायक्रोफोन टॉवेलाने खांबाला बांधला. आम्हा बायकांना दटावून झालं, "बांगड्यो हलवू नकात." देवळातल्या लोकांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही, दाऊदचं वेड सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक. भजन असं काही चढलं म्हणता! झांजा, पखवाज, बुवांचा आवाज, सगळं एका जागी येऊन थांबलं. बुवा वरचा सूर लावणार, देऊळ चिडीचूप, आणि उदबत्तीचा धूर माझ्या घशात गेला.

पुढच्याच वर्षी बुवा गेले. त्यांच्या गळ्याची दुसरी टेप कुठेही नाही. जी आहे तिच्यात त्या सुराच्या अगदी तोंडाशी मी ठणठणीत खोकलेय. दाऊदभाई दरवर्षी चतुर्थीच्या आदल्या सकाळी ती कॅसेट लावायचे आणि मला बोलवायचे. मी जायचे, शिव्या खायला. ती जागा आली की एक डोळा उघडून माझ्याकडे बघायचे. "शी! इलो बघा तुमचो खोकलो. सोन्यासारख्या सुराक शेंबूड लावलात, बाई." पस्तीस वर्षं हेच. मीही म्हणायचे, "मग पुसून टाका की!" आणि चहा घेऊन घरी यायचे.

या मे महिन्यात ते सावंतवाडीला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. ओट्यावर बसले आणि म्हणाले, "डावो गेलो. उजवोय चललो. कापसाचो काय उपेग झालो नाय." यंत्र लावून बघितलं होतं, तर त्यातून सगळं पत्र्यावर चणे ओतल्यासारखं ऐकू येत होतं म्हणे. नको म्हणून सांगून आले. उजवा कान वर्षभर टिकेल असं डॉक्टर म्हणाले होते, कदाचित कमी. दाऊदभाईंनी लगेच ठरवलं, कपाटातली एकेक कॅसेट काढून शेवटची ऐकून घ्यायची. सगळ्यांत शेवटी बुवा.

पण मधे मस्कतला लेकीचं, कैनातचं बाळंतपण आलं. मृगाच्या आधी जायचं, श्रावणात परत यायचं. चावी माझ्याकडे दिली आणि एकच काम सांगितलं. त्यांच्या कॅसेटींच्या लाकडी कपाटात तळाला एक पिवळा बल्ब पावसाळाभर पेटता असतो. "ह्यो बल्ब बंद पडाक देव नकात, बाई. बाकी घर बुडालां तरी चलात."

आषाढात बल्ब उडाला. मी तशीच छत्री घेऊन बाजारात गेले. दुकानदार म्हणाला, ते पिवळे आता येत नाहीत, हा एलईडी घ्या, उजेड चौपट. मी घेतला. लावला. कपाटाच्या फटीतून पांढराशुभ्र उजेड बाहेर आला आणि मला, कप्पाळ माझं, बरं वाटलं! रोज खिडकीतून बघायचे. मस्कतहून फोन यायचा, "बल्ब पेटता मा?" मी सांगायचे, पेटतोय, अगदी लख्ख पेटतोय.

श्रावणात दाऊदभाई आले. चावी द्यायला मी बरोबर गेले. त्यांनी कपाट उघडलं आणि वास आला. ओल्या गोणपाटाचा, जुन्या जखमेचा, काय म्हणू, अजून नाकातून जात नाही. कॅसेटींवर पांढरी लव आलेली. डब्यांच्या कागदी चिठ्ठ्या पिवळ्या-हिरव्या होऊन चिकटलेल्या. बोट लावलं की बोटाला बुळबुळीत लागायचं. आणि तळाला तो बल्ब, लख्ख. त्यांनी वाकून त्याला हात लावला. मुठीत धरून राहिले. गार होता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तो बल्ब उजेडासाठी नव्हताच! तो उबेसाठी होता. पापडाच्या डब्यापाशी, रेशमी साड्यांच्या कपाटात, आमच्याकडे कुठे नाही लावत लोक? मी जन्मभर सातवीला उष्णतेचा धडा शिकवला. शी! स्वतःची इतकी घाण कधी वाटली नव्हती.

सगळं सांगितलं. म्हटलं, मी लावला, माझी अक्कल शेण खायला गेली होती, बोला काय बोलायचं ते. मला वाटत होतं, त्यांनी एकदा तोंड भरून शिव्या द्याव्यात. त्यांनी बल्ब काढून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "आता बसा पुसूक."

पंधरा दिवस आम्ही पुसत होतो. पेन्सिलीने रीळ फिरवायचं, मलमलीच्या फडक्याला स्पिरिट लावून फीत त्यातून ओढायची. फडकं तपकिरी व्हायचं. त्या तपकिरीत गाणं किती आणि बुरशी किती, कोणाला कळणार! बऱ्याच कॅसेटी तुटल्या, त्या ते बाजूला ठेवायचे. माझ्या हातांना तो वास इतका बसला की जेवण जाईना. गल्लीत चतुर्थीचे बॉक्स येऊन पडले, एके दुपारी त्यांची चाचणी सुरू झाली, मी दारं-खिडक्यांना लावायच्या चादरी काढायला उठले. दाऊदभाई शांतपणे फीत पुसत राहिले. मला वाटलं, वयाने आलं शहाणपण.

चतुर्थीच्या आदल्या सकाळी त्यांनी मला बोलावलं. धुतलेला सदरा घातला होता. पंखा बंद केला. बुवांची कॅसेट लावली आणि उजवा कान पेटीकडे करून बसले.

काय सांगू! पहिल्याच ओळीला माझं मन विटलं. आवाज पाण्याखालून यावा तसा. झांजा नाहीतच, नुसती खरखर. पखवाज मधेच बुडायचा, मधेच वर यायचा. बुवांच्या गळ्याला कोणी घोंगडी गुंडाळली होती. ही वाट मी लावली होती. मी दाऊदभाईंच्या तोंडाकडे बघत होते, आता शी म्हणतील, आता म्हणतील. त्यांनी डोळे मिटले होते आणि मांडीवर बोटांनी झांजेचा ठेका धरला होता. जी झांज टेपमध्ये उरलीच नव्हती, तिचा.

मग ती जागा आली. सगळं थांबलं, आणि मी खोकले. छत्तीस वर्षांपूर्वीची मी, तशीच ठणठणीत. एवढ्या घाणीतून तेवढं एक नीट वाचलं होतं मेलं.

दाऊदभाईंनी डोळा उघडला नाही. कॅसेट संपली तेव्हा हसत माझ्याकडे वळले, जरा मोठ्यानेच बोलले. हल्ली मोठ्यानेच बोलतात.

"बाई, उगाच रडत होतात. बुवा तसोच आसा, खोलयेत इलो. आणि बुरशीन एक काम बरां केल्यान. तुमचो खोकलो खाल्ल्यान."

"होय," मी म्हटलं. मग त्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा ओरडून म्हटलं, "होय, खाल्ल्यान!"