अप्पांनी पसंत केलेलं लाकूड

कोंबड्यांचं खुराडं असो की पोपटाचा पिंजरा, जनावर आत जाण्याआधी विद्यानगरातले आमचे शेजारी अप्पा स्वतः आत जात. म्हणजे डोकं तरी. तारिहाळच्या एका फर्निचर कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला आतली हवा तपासायला याहून आधुनिक उपकरण मिळालं नव्हतं. पंधरा मिनिटं डोकं आत, बाकीचे अप्पा बाहेर. मी घड्याळ लावून मोजलं आहे.

माझ्या दहावीतल्या मुलीने दाढीवाला सरडा आणला. परदेशी, रीतसर कागदपत्रांसह. त्याला ऊब लागते, म्हणून आत बल्ब असलेली पेटी हवी होती. मी कॉलेजात गणित शिकवतो, तेव्हा तक्ता केला. काच, सागवान, प्लायवुड, एमडीएफ; वजन, जाडी, उष्णता टिकणं. स्वयंपाकघराच्या कपाटांतून उरलेलं अठरा मिलिमीटरचं एमडीएफ, म्हणजे भुसा आणि गोंद दाबून केलेली फळी, पहिलं आलं. पेटी तयार झाली. अप्पांनी बल्ब लावून डोकं घातलं आणि चौथ्या मिनिटाला डोळे चोळत बाहेर आले.

"मास्तर, बेडा, नको हे. ह्यात भुसा कमी, गोंद जास्त. तापला की नाकाडोळ्यांशी बोलायला लागतोय."

"अप्पा, तक्त्यात याला दहापैकी नऊ गुण आहेत."

"मग तक्त्यालाच ठेवा की आत!"

अडाणी आक्षेपांना मी भीक घालत नाही. सरडा पेटीत गेला. तिसऱ्या दिवशी त्याने खाणं सोडलं, डोळे मिटले, तोंड उघडं टाकलं. मी तापमान तपासलं. एकोणचाळीस अंश, हवं तेवढंच. सरडा मरत होता, पण अचूक तापमानात.

मुलगी मला न विचारता त्याला बुटांच्या खोक्यात घालून अप्पांकडे घेऊन गेली. मागोमाग मी गेलो, तर अप्पांच्या घरात देव चहाच्या डब्याशेजारी फळीवर बसलेले आणि देवघरात बल्बखाली सरडा.

"अप्पा, देवघरात?"

"साठ वर्षांचं सागवान आहे. पॉलिश कधीच उडालंय. खाली समईसाठी पितळी पत्रा, वर धूर जायला जाळी. ह्याहून चांगलं तुमच्या तक्त्यात काय हाय, सांगा की."

"आणि देवांचं काय?"

"त्यांनी तक्रार केली तर बघू. पुट्टी, बाळा, त्याला पाणी दे."

आठव्या दिवशी सरड्याने पहिलं झुरळ खाल्लं. अप्पांनी ही बातमी गल्लीभर सांगितली, माझ्या तक्त्यासकट. नव्या पेटीसाठी मी प्लायवुड आणलं की ते हुंगायचे आणि म्हणायचे, "वाळू दे अजून." माझ्या गच्चीवर चार फळ्या वाळत राहिल्या. सरडा मुक्कामाला अप्पांकडे, मुलगी रोज संध्याकाळी. मी फक्त तापमान लिहून ठेवायला जात असे. तासभर तरी लागायचाच.

थंडीत अप्पा गेले. झोपेतच, कुणाला काही न सांगता. मोजायला मला काही ठेवलं नाही.

घर आवरायला पुण्याहून त्यांचा मुलगा आला. फळीवरचे देव त्याने स्वच्छ पंच्यात गुंडाळून बॅगेत ठेवले आणि देवघराकडे वळला. माझी मुलगी देवघराला टेकून उभी होती, हलेना. ते मागण्याचा हक्क आम्हाला नव्हता, हे मला गणिताइतकं स्पष्ट होतं.

देवघरासमोर येताच सवयीने त्याचे हात जोडले गेले. आतून सरड्याने पुढचा एक पाय उचलून सावकाश हलवला. ही या सरड्यांची रीतच असते.

अप्पांचा मुलगा एक पाऊल मागे सरला. मग माझ्या मुलीला म्हणाला, "ह्याला जागेवरून उठवू नकोस. देवघरासकटच घेऊन जा."