देवांसमोरची काचेची न्हाणी

गंगापूर रोडवर तेव्हा नवं हॉटेल झालं होतं. प्रत्येक खोली वेगळ्या रंगाची, रिसेप्शनवर फुलदाणीत फुलांऐवजी वाळक्या काटक्या. वऱ्हाड पंचवटीतल्या धर्मशाळेत उतरवावं, असं आईचं म्हणणं होतं. पण वडील गेल्यावर धाकट्या बहिणीचं लग्न मीच उभं करत होतो, आणि साताऱ्याच्या पाहुण्यांना नाशिक म्हणजे नुसता घाट वाटू नये अशी माझी जिद्द होती.

लग्नाच्या सकाळी मी नवरदेवाच्या वडिलांना न्यायला गेलो. बाकीचं वऱ्हाड, नवरदेवासकट, पंचवटीच्या कार्यालयात पोचलं होतं. काका विधुर. खोलीत एकटेच, खांद्यावर पंचा टाकून पलंगाच्या कडेला बसलेले. अंघोळ झालेली नाही, पूजा नाही, आणि पूजेशिवाय ते पाण्याचा थेंबही घेत नसत.

"काही हवंय का, काका?"

"भिंत," ते म्हणाले.

न्हाणीघराला भिंत नव्हती, काच होती. छतापासून जमिनीपर्यंत, स्वच्छ पुसलेली. काचेच्या बरोबर समोर छोट्या फ्रिजवर काकांनी आदल्या संध्याकाळी घरचे देव मांडले होते. (फ्रिजमध्ये विंचूरकडची वाईन होती, हे मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही.) पूजेआधी देव हलवायचे नाहीत. अंघोळीशिवाय पूजा नाही. आणि देवांसमोर उघड्याने अंघोळ तर नाहीच नाही.

मी मॅनेजरला बोलावलं. काळा सूट, लाल टाय. पडदा लावा म्हटलं, तर म्हणाला, "सर, पडदा नाहीये. तो कन्सेप्ट आहे."

दुसऱ्या खोलीत अंघोळ करावी, तर परत येताना ज्या गालिच्यावरून लोक बूट घालून जातात, त्यावरून सोवळ्याने चालायचं. चादर धरावी, तर तिच्यावर कोणीतरी झोपलेलं. टॉवेलाने कोणीतरी अंग पुसलेलं. मी एकेक सुचवत होतो आणि काका शांतपणे मान हलवत होते. रागावले असते तर पाय धरले असते. या माणसाला राग येत नव्हता, हीच पंचाईत होती.

तेवढ्यात मोबाईल वाजला. बहीण होती. कितीतरी स्थळं बघून गेली होती तिला, मग हे जमलं होतं. नवरदेव म्हणतोय, बाबांनी पाणी प्यायल्याशिवाय मी उभा राहणार नाही, असं तिने सांगितलं. मुहूर्त टळायला आला होता. मग जरा थांबून म्हणाली, "दादा, खरं सांग. ते येतायत ना?"

येतायत, म्हटलं, आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि समोरच्या आरशात ते फार नाटकी दिसत होतं, म्हणून पुसलं. काही सुचेना. गाडी तरी काढून ठेवावी म्हणून खाली गेलो, तर मागच्या सीटवर लग्नाच्या सामानाची पिशवी. त्यात वर अंतरपाट. कोरा, घडी न मोडलेला, कुंकवाने स्वस्तिक काढलेला.

धावत वर आलो. काकांनी अंतरपाटाकडे बराच वेळ पाहिलं.

"दुसरं टोक कोण धरणार?"

मी दाराशी उभ्या मॅनेजरकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं. "अंघोळ झालीय का तुमची?"

"सकाळीच, सर," मॅनेजर म्हणाला आणि त्याने निमूट बूट काढले.

असे आम्ही दोघे देवांकडे तोंड करून, काचेकडे पाठ करून उभे राहिलो. मधे अंतरपाट. मागे पाण्याचा आवाज आणि काकांचं स्तोत्र. दुखायला लागलेले हात खाली येऊ नयेत म्हणून मी मुठी आवळल्या होत्या. मॅनेजरचा टाय थरथरत होता. न राहवून विचारलं, "काका, झालं का?"

"मी सावधान म्हणेपर्यंत धरून ठेवा," आतून आवाज आला.

आणि खरंच, काही वेळाने ते खणखणीत आवाजात "सावधान" म्हणाले.

पूजा आटोपून, पुलावरच्या रिक्षांना हात जोडत आम्ही कार्यालयात पोचलो, तेव्हा गुरुजी घड्याळाकडे पाहणं सोडून माझ्याकडे पाहत होते. त्यांनी अंतरपाट उलगडला. दोन्ही टोकांना मुठींच्या सुरकुत्या.

"कोरा आणायला सांगितला होता ना?" ते करवादले.

"राहू द्या, गुरुजी," काका पाण्याचा पेला खाली ठेवत म्हणाले. "कालपर्यंत कोराच होता."

अंतरपाटापलीकडून बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी हाताने खूण केली, नंतर सांगतो. मग मंगलाष्टकं सुरू झाली.